भाकरीचा सल्ला आणि भाकरीचा भाव

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग आहे, अशी एक समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. शहरातील व्यापारी, दिवसभर खुर्चीवर बसणारा अधिकारी, पंगतीत जिलबीचे ताट संपविणारा सुखवस्तू गृहस्थ ही त्या रोग्याची ठरलेली प्रतिमा. ती प्रतिमा आता टिकण्याजोगी राहिलेली नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००८ ते २०२० या काळात केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे आकडे २०११ साली आले, तेव्हाच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रमाण शेकडा ६.५ होते, म्हणजे खेड्यातल्या दर पंधरा प्रौढांमागे एक मधुमेही. हा रोग पेठेतून रानात केव्हाच पोचला आहे.

तो रानात कसा पोचला, याचे एक उत्तर पुण्यातच शोधले गेले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हडकुळी होती, स्नायूंनी कमी होती. पण त्यांच्या शरीरातील चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. अर्धपोटी आईच्या पोटी वाढलेले मूल पुढे मधुमेहाकडे अधिक झुकते, असा या अभ्यासाचा रोख आहे. तात्पर्य, भूक आणि मधुमेह ही परस्परविरोधी टोके नव्हेत. एकाच घरात, एकाच देहात ती दोन्ही नांदू शकतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचाही होतो. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने आहारावर का लिहावे, याचे समर्थन एवढेच.

सल्ला कोणाला आणि कसला?

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे बालाघाटच्या रांगेतील क्षेत्र. धाकटी पंढरी म्हणून त्याची ओळख आहे. नगद नारायण महाराजांची परंपरा, विठ्ठलाचे मंदिर आणि आषाढीला पंढरपूरकडे निघणारी पालखी यांमुळे आसपासच्या शेकडो गावांचे मन या गडाशी बांधलेले आहे. भोवतालचा मुलूख कोरडवाहू. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी हलकी, आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणारी हजारो कुटुंबे, हे या जिल्ह्याचे नित्याचे चित्र. अशा भागातील पन्नाशीची शेतकरी बाई जेव्हा रक्तातील साखर वाढली म्हणून दवाखान्यात जाते, तेव्हा तिला काय सांगितले जाते?

तिला एक छापील कागद मिळतो. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. कोशिंबीर भरपूर, फळे रोज, ओटची लापशी, हातसडीचा तांदूळ, सफरचंद. या कागदात शास्त्रदृष्ट्या चुकीचे फारसे काही नसते. चूक आहे ती वेगळी. हा कागद ज्या ताटासाठी लिहिला आहे ते ताट त्या बाईचे नाही. तिच्या घरात रेशनचा तांदूळ आणि गहू आहे. भाजी बाजाराच्या दिवशी येते आणि दोन दिवसांत संपते. सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना घेतात, रोज खात नाहीत. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा होतो, कारण चहा हे भूक मारण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आणि घरातली सर्व माणसे जेवल्यावर उरेल ते ती खाते. ‘हे बंद करा’ असे सांगताना ‘मग पोट कशाने भरायचे’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर त्या सल्ल्याचा परिणाम एकच होतो. बाई चार दिवस उपाशी राहते, पाचव्या दिवशी पूर्ववत जेवू लागते, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांनी रागावू नये म्हणून खोटे सांगते.

शिवाय एकच सल्ला सर्वांना चालत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २११० उष्मांक पुरतात; कष्टाचे जड काम करणाऱ्यास ३४७० लागतात. स्त्रीसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. बीडच्या मोंढ्यातील गादीवर बसणाऱ्या मधुमेही आडत्याला ‘अर्धी भाकरी कमी करा’ हे सांगणे योग्यच. परंतु पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या आणि उजाडल्यापासून उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईला तेच सांगणे हा अविचार ठरेल. साखर उतरविणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडले, तर साखर एकाएकी खाली जाऊन घेरी येते, शुद्ध हरपते. प्रसंगी जीवही जातो. ही गोष्ट त्या छापील कागदावर ठळकपणे असावयास हवी. ती क्वचितच असते.

चोथ्याचे शास्त्र

मूळ शास्त्र सोपे आहे आणि कार्यकर्त्याने ते समजून घेतले पाहिजे. धान्यातील पिष्टाचे पचनात साखरेत रूपांतर होते आणि ती रक्तात उतरते. ती किती उतरते हे खाल्लेल्या पिष्टाच्या वजनावर, आणि किती वेगाने उतरते हे त्याच्या सोबतीवर अवलंबून असते. सोबतीला तंतुमय भाग, म्हणजे ज्याला आपण चोथा किंवा कोंडा म्हणतो तो असेल, डाळ असेल, थोडे तेल असेल, तर साखर सावकाश उतरते. नुसता पांढरा भात, मैद्याचा पाव किंवा साखरेचा चहा असेल, तर ती धावत येते. चोथा स्वतः पचत नाही, पण तो निरुपयोगी नाही. त्याचा काही भाग पाणी धरून बुळबुळीत होतो आणि शोषणाला आवर घालतो. काही भाग मलशुद्धीला मदत करतो. काही भागावर आतड्यातील उपकारक जंतू पोसले जातात.

डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने युगांडात अनेक वर्षे काम केल्यावर १९७० च्या दशकात हा मुद्दा जगापुढे आग्रहाने मांडला. भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी शेतकऱ्यांत जे रोग त्याला क्वचित दिसत, ते सपीट खाणाऱ्या इंग्लंडात घरोघर होते. त्यानंतरच्या अर्धशतकात पुरावा वाढतच गेला. २०१९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यानुसार, ज्यांच्या आहारात चोथा भरपूर होता त्यांच्यात अकाली मृत्यू, हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण चोथा कमी खाणाऱ्यांहून शेकडा १५ ते ३० ने कमी आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा हितकर, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी किमान २५ ग्रॅम ही मर्यादा सांगितली, आणि हा चोथा अन्नातलाच असावा, डबीतल्या भुकटीचा नव्हे, असेही स्पष्ट केले.

रेशनचे गणित

आता हे २५ ग्रॅम नारायणगडाच्या परिसरातील कुटुंबाने कोठून आणावयाचे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी महिना ५ किलो धान्य दिले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो, असे दर कायद्यात होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. महिन्याचे ५ किलो म्हणजे दिवसाचे सुमारे १६५ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा २.८ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १०.२, बाजरीत ११.५, आणि गव्हाच्या कणकेत ११.४ असतो. हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. दिवसाचे १६५ ग्रॅम निव्वळ तांदूळ असेल तर चोथा मिळतो साडेचार ग्रॅमच्या आसपास. ज्वारी असेल तर सतरा. तीन किलो तांदूळ आणि दोन किलो गहू असे प्रमाण धरले तर दहा.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, न चाळलेल्या कणकेची पोळी चोथ्याच्या बाबतीत ज्वारीच्या भाकरीहून हलकी नाही. गव्हाला खलनायक ठरविण्याची जी नवी फॅशन शहरांत आली आहे, तिला या कोष्टकांचा आधार नाही. दोष आहे तो कोंडा चाळून टाकण्यात आणि मैद्यात. मैद्यात चोथा २.८ ग्रॅमच्या आतच उरतो, आणि हाच मैदा पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे यांच्या रूपाने दर गावच्या टपरीवर पोचला आहे. दुसरी गोष्ट अशी की, रेशनमध्ये तांदळाचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा गरिबाच्या ताटातील चोथा सरकारी आदेशाने घटतो. डॉक्टर ‘भात कमी खा’ म्हणतो. पुरवठा खाते तांदूळच देते. राज्यसंस्थेचा एक हात जे सांगतो ते दुसरा हात पुसून टाकतो.

याच जिल्ह्यात आणखी एक प्रयोग झाला. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये, पुढे १७० रुपये, खात्यावर जमा करण्याचे ठरले. पैसे हाती आले की माणूस हवे ते धान्य घेईल, असा हा युक्तिवाद. प्रत्यक्षात बाजारभाव वाढला की तीच रक्कम आपोआप आटते, आणि खात्यावर आलेला पैसा कर्जाच्या हप्त्यात की भाकरीत जाईल, याचा निर्णय घरातली रांधणारी बाई सहसा करीत नाही. धान्याच्या जागी रोकड हा उपाय म्हणूनच सावधपणे पारखला पाहिजे.

ज्वारी का गेली?

ज्वारी हे या भूमीचे पीक. महाराष्ट्रात एके काळी साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते; आज ते वीस लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. लोकांची रुची बदलली म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे; पण रुचीही किमतींच्या आणि धोरणांच्या मागे चालते.

१९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली. उत्पादन वाढले, पण खरिपातील ही ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडू लागली. तिची भाकरी लोकांना मालदांडीसारखी गोड लागली नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि रोजगार हमीच्या कामावरची सुकडी लोकांनी खाल्ली, ती नाइलाजाने. त्या पिढीच्या मनात भरड धान्य आणि लाचारी यांची जी गाठ बसली ती सहजी सुटली नाही. पुढे गहू आणि भात यांच्या खरेदीची पक्की यंत्रणा उत्तरेत उभी राहिली. सरकार जे खरेदी करते तेच गोदामात साठते, आणि जे गोदामात साठते तेच रेशनवर येते. ज्वारीला हमीभाव जाहीर होत राहिला. खरेदी मात्र नाममात्र राहिली. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये आणि मालदांडीचा ३७४९ रुपये आहे. त्याच हंगामातील साध्या भाताचा भाव २३६९ आहे. कागदावर ज्वारी श्रीमंत आहे! पण खरेदी केंद्राविना हमीभाव म्हणजे विहिरीविना रहाट.

इकडे शेतकऱ्याने कापूस आणि सोयाबीन धरले, पाणी असेल तेथे ऊस लावला. त्यात त्याचा दोष नाही. कर्ज फेडावयाचे तर रोख पीक हवे. परंतु जुन्या रानात ज्वारीबरोबर करडई आणि हरभरा, बाजरीबरोबर तूर, मटकी, हुलगा असे मिश्र पीक असे. त्या एका रानातून भाकरी, डाळ, तेल आणि कडबा ही चारही निघत. सोयाबीनच्या रानातून पैसा निघतो, तोही भाव लागला तर. ताट निघत नाही. ज्वारी घरात पिकेनाशी झाली, बाजारात ती गव्हाहून महाग झाली, आणि ज्या भाकरीची कालपर्यंत कुचेष्टा होत होती ती शहरातील उपाहारगृहांत आरोग्याचे पक्वान्न म्हणून मिरवू लागली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष भारताच्या पुढाकाराने साजरे झाले. ‘श्रीअन्न’ हे नवे नाव मिळाले. मेजवान्या झाल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगणात खरेदीचा काटा मात्र फारसा आला नाही.

भाकरी हे औषध नव्हे

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. भाकरी खा म्हणजे मधुमेह पळेल, असा भाबडा प्रचार आपण करू नये. वैद्यक संशोधन परिषदेच्या त्याच पाहणीतील आहाराविषयीचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे शेकडा ६२ उष्मांक पिष्ट आणि साखर यांतून मिळवितो, आणि त्यांतले बरेचसे पांढऱ्या भातातून, मैद्यातून आणि साखरेतून येतात, असे तीत दिसले. त्याहून महत्त्वाचे असे की, एकूण पिष्टाचे प्रमाण तेच ठेवून नुसते सपीट काढून त्या जागी कणीक किंवा भरड धान्याचे पीठ घातल्याने धोका घटल्याचे आढळले नाही. धोका घटलेला दिसला तो पिष्टाचा काही वाटा डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभते यांना दिला तेथे. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांतही हेच आहे: उष्मांकांचा निम्म्याहून कमी वाटा धान्यातून यावा आणि उरलेला डाळी, भाज्या, फळे, शेंगदाणे, दूध यांतून.

म्हणजे खरी उणीव डाळीची आहे. १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम आणि अख्ख्या मुगात १७ ग्रॅम चोथा असतो. शिवाय प्रथिने असतात. भाकरीबरोबर वाटीभर मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे, पिठले, कारळाची अथवा जवसाची चटणी, आणि पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारी तांदूळजा, घोळ, चाकवत यांची भाजी, हे या भागाचे जुनेच जेवण. त्यात परके काही नाही. परंतु १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा सुप्रसिद्ध अभ्यास केला तेव्हापासून आपण दारिद्र्य उष्मांकांनी मोजत आलो. त्या काळी तेच योग्य होते, कारण पोट भरणे हाच प्रश्न होता. पुढे नियोजन मंडळानेही ग्रामीण २४०० आणि शहरी २१०० उष्मांक हे माप स्वीकारले. उष्मांक सर्वांत स्वस्त मिळतात ते तांदूळ, गहू आणि साखर यांतून. राज्यसंस्थेने ते पुरविले आणि दुष्काळातले मरण थांबविले. ही कमाई लहान नाही. पण उष्मांकांच्या मापात डाळ दिसत नाही, चोथा दिसत नाही. आता माप बदलावयास हवे.

या युक्तिवादाचा गैरवापर होऊ शकतो, हेही ओळखले पाहिजे. ‘फुकट तांदळामुळे लोक आजारी पडतात, म्हणून रेशन कमी करा’ असे म्हणणारे अर्थपंडित पुढे येतील. त्यांना निक्षून सांगितले पाहिजे की भुकेल्याच्या ताटातून भात काढून घेणे हा आहारसल्ला नव्हे. भातात डाळ घाला, त्याच्या शेजारी भाकरी ठेवा. पण ताट रिकामे करू नका.

आणि भाकरीचे कवतिक करताना ती कोण थापते याचा विसर पडू नये. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. विरी गेले की भाकरी थापता येत नाही. चुलीपुढे धुरात बसून दहा-बारा भाकरी थापणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते बाईच्याच वाट्याला येते. पोळीकडे आणि भाताकडे घरे वळली त्यात या कष्टातून सुटण्याची रास्त इच्छाही होती. भाकरी परत आणावयाची तर गावातील बचत गटांची भाकरी केंद्रे, जवळची गिरणी आणि घरातल्या पुरुषाचा हातभार यांचाही विचार हवा. कण्या, घुगऱ्या, धपाटे असे कमी कष्टाचे प्रकार आहेतच.

गडाचा शब्द

या परिसरात डॉक्टरापेक्षा गडाचा शब्द अधिक चालतो, आणि त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. वारकरी माणूस महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतो. उपवासाला साबुदाणा आला तो अलीकडचा. तो ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, आणि आपल्या बाजारातला साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूच्या सेलम भागात तयार होतो. त्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; चोथा नावापुरता. त्यावर बटाटा आणि साखरेचा चहा पडला की मधुमेह्याची एकादशी ही दशमीहून घातक ठरते. भगर, राजगिरा, शेंगदाणे, ताक, माफक रताळे यांनीही उपवास होतो. हे वाक्य एखाद्या कीर्तनकाराने निरूपणाच्या ओघात उच्चारले, तर शंभर छापील कागदांचे काम होईल. उपवासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्याव्यात हे डॉक्टरांना विचारून घ्या, एवढी पुस्तीही त्यास जोडावी.

सप्ताहांच्या पंगतींबद्दलही हेच. घरोघरच्या भाकरी गोळा करून आमटीबरोबर पंगत घालण्याची चाल अनेक गावांनी आजही राखली आहे. ती आरोग्याची आहे, आणि समतेचीही. प्रत्येक घराची भाकरी एकाच टोपल्यात पडते आणि कोणाची कोणती हे उरत नाही. जेथे तिची जागा बुंदी-पुरीने घेतली आहे, तेथे जुनी चाल परत आणावी असा आग्रह तरुण कार्यकर्त्यांनी धरावयास हरकत नाही.

काय मागावे, काय करावे

मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, मराठवाड्याच्या रेशनमध्ये तांदळाचा काही वाटा कमी करून तेवढीच ज्वारी-बाजरी वर्षभर नियमित द्यावी. अधूनमधून काही महिने ज्वारी येते आणि मग नाहीशी होते, हे धोरण नव्हे. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच; शेजारचे कर्नाटक नाचणी आणि ज्वारी रेशनवर देते, आणि ओडिशाने २०१७ पासून नाचणीची खरेदी, रेशनवर वाटप आणि शेतकऱ्याला साहाय्य यांची एकत्र सांगड घातली. दुसरी, त्यासाठी ज्वारीची खरेदी केंद्रे तालुक्याच्या ठिकाणी हंगामाआधी उघडावीत. मळणी उरकून व्यापाऱ्याने माल उचलल्यावर नव्हे. तिसरी, रेशनवर माणशी महिना किमान एक किलो डाळ किंवा कडधान्य द्यावे. चौथी, शाळेच्या व अंगणवाडीच्या आहारात आठवड्यातून काही दिवस स्थानिक धान्य आणि उसळ यावी. पाचवी, ऊसतोड मजुरांना कारखान्याच्या तळावर त्यांचे रेशन आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या मिळाव्यात. देशाची साखर तोडणाऱ्याच्या रक्तातील साखर सहा महिने कोणीच तपासत नाही, ही स्थिती लज्जास्पद आहे.

मागण्या मान्य होईतो हात बांधून बसण्याचे कारण नाही. तिशीपुढील सर्वांची तपासणी आशा कार्यकर्तीने करावी अशी सरकारी योजना आहे. तिच्या सोबत जावे, लोकांना तपासणीस आणावे, तिच्या मानधनासाठी भांडावे. आणि सल्ला द्यावयाचा तर तो विचारण्यापासून सुरू करावा. घरात धान्य कोणते? कोंडा चाळता का? चहा किती वेळा? काम कसले? गोळी कोणती? शेवटी कोण जेवते? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली की सल्ला आपोआप आखूड आणि करण्याजोगा होतो: कणीक चाळू नका; भाताचे एक वाढप कमी करून तेथे उसळीची वाटी घ्या; चहा दोनदाच, साखर अर्धी; बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे; औषध चालू असताना जेवण चुकवू नका; आणि बाईने सर्वांबरोबर जेवावे. यांतील शेवटचा सल्ला सर्वांत अवघड आहे. तो कागदावर लिहून भागत नाही. त्यासाठी घरातील पुरुषाशी बोलावे लागते.

बाईला ‘काय खाऊ नये’ हे सांगणारे पुष्कळ आहेत. तिला काय खाता यावे, याची तरतूद करावयास लावणे हे राजकीय काम आहे, आणि ते आपले आहे.